'तुरळक ठिकाणी' म्हणजे खंयसर? : कोकणाचा हवामान अंदाज लिहिणाऱ्यांस खुले पत्र

कोकणाचा हवामान अंदाज रोज लिहिणाऱ्या आणि तो आमच्या मोबाइलपर्यंत पोचवणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

गेले आठ-दहा दिवस इथे हवा कशी आहे, ते आधी सांगतो. पहाटे खाडीवर धुके धरते. सहाच्या सुमारास अंगणात उतरलो की तुळशीपर्यंत जाईस्तोवर पावले ओली होतात, इतके दव. मतलई वारा सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, समुद्राकडे सरकत असतो. खांद्यावरचा पंचा अंगभर ओढून घ्यावासा वाटतो. दहा-साडेदहाला तो वारा पडतो, थोडा वेळ झाडाचे पान हलत नाही आणि मग खारा वारा सुटतो. दुपारचे ऊन लागते, पण ऑक्टोबरात होते तशी अंगाची लाही होत नाही. रात्री पंखा बंद. आमच्या देवगड तालुक्यात असे दिवस वर्षाला महिना-दीड महिना मिळाले तर नशीब.

हे दिवस हवा खायचे नाहीत. गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे, भात याच दिवसांत कापून, झोडून, पेंढ्यासकट घरी आणायचे. रिकाम्या झालेल्या मळ्यात अंगओलितावर, जमिनीत उरलेल्या ओलीवर, कुळीथ आणि वाल टाकायचे. आंब्याच्या कलमांखालचे गवत काढायचे, पालवीवर पहिली फवारणी घ्यायची. बंदराकडे सुकट वाळत पडलेली असते. जत्रा सुरू झालेल्या असतात आणि दशावतारी रात्रभर उघड्या आभाळाखाली नाचतात. थोडक्यात, कार्तिकात कोकणातले जे जे मोलाचे, ते सगळे उघड्यावर असते. जूनमध्ये आम्ही कौले परतून, लाकूडफाटा आत भरून पावसाची वाट बघत बसलेले असतो. हे पत्र या एका फरकाबद्दल आहे.

काल संध्याकाळी निरोप आला. पुढचे ४८ तास हवामान कोरडे, त्यानंतर कोकणात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता. मी तो ओसरीवर मोठ्याने वाचला. शेजारचे आबा सुपारी कातरत बसले होते. ऐंशी कधीच ओलांडलेत, पण कान शाबूत आहेत. अडकित्ता थांबवून म्हणाले, "तुरळक म्हणजे खंयसर रे?"

मी म्हटले, "म्हणजे आबा, जिल्ह्यात कुठेतरी."

"मगे तसा लिवा. खंयतरी पावस रोजच पडता."

आबांचे हसण्यावारी नेता येते, पण माझ्याकडे उत्तर नव्हते हे खरे. मग जरा शोधाशोध केली. 'तुरळक ठिकाणी' या शब्दांना तुमच्याकडे नेमका अर्थ आहे हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळले. ज्या भागाचा अंदाज, त्यातल्या जास्तीत जास्त पाव हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस पडला की तो तुरळक. पावापासून निम्म्यापर्यंत असला की 'काही ठिकाणी'. म्हणजे तुम्ही मोजून लिहिता आणि आम्ही कानाने ऐकतो. आमच्या कानाला तुरळक म्हणजे विरळ, नावापुरता, मनावर न घेण्यासारखा. आणि अंदाजाचा भाग केवढा? 'कोकण व गोवा' हा तुमच्या हिशेबी एकच उपविभाग. डहाणूपासून काणकोणापर्यंत. एकट्या महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणून आम्ही शाळेत घोकलेला. त्याचा पाव हिस्सा म्हणजे एखादा अख्खा जिल्हाही होतो.

'हलका' या शब्दाचेही तेच. चोवीस तासांत अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर तो हलका, त्यापुढे ६४.४ पर्यंत मध्यम. हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे शंभराहून किंचित जास्त चौरस मीटर. तेव्हा १५ मिलिमीटरचा तुमचा 'हलका' पाऊस माझ्या एका गुंठ्यावर दीड हजार लिटर पाणी ओततो. कापून पसरलेल्या भातावर कोणी दीड हजार लिटरचा टँकर रिकामा केला, तर त्याला मी हलका टँकर म्हणणार नाही.

ही मापे चुकीची आहेत असे मी म्हणत नाही. ती पावसाळ्याची आहेत. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे जुलैत साठ मिलिमीटर झाला तर कोणी मान वर करून बघत नाही. पण तीच फूटपट्टी तुम्ही नोव्हेंबरात जशीच्या तशी लावता आणि घोळ होतो. जुलैत पाऊस किती पडतो ते महत्त्वाचे. कार्तिकात पडतो का, आणि पडला तर किती वाजता, एवढ्यावरच सगळे असते.

घाटावरच्यांना हे पटकन समजायचे नाही. तिकडे म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील मोती. स्वाती नक्षत्राचा पाऊस त्यांच्या रब्बीला सोन्यासारखा. आम्ही सह्याद्रीच्या अलीकडे राहतो, आमच्याकडे स्वातीत मोती पिकत नाहीत, भाताला मोड येतात.

तीन वर्षांपूर्वीचे सांगतो. सोमवारी अंदाज होता, आठवडाभर कोरडे. मंगळवारी सहा माणसे लावून पाच कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, कापले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कापलेले भात एक-दोन दिवस कुणग्यातच पसरून सुकवावे लागते. कापल्या दिवशी भारे बांधले तर आतून गरम होते, दाणा काळवंडतो. बुधवारी दुपारी दक्षिणेकडचे आभाळ पांढुरके झाले. ढग म्हणावेत असे नव्हते, निळ्यात कोणी ताक मिसळावे तसे. संध्याकाळी आई मागील दारी हात धुऊन आली आणि म्हणाली, "आज दव पडाक नाय रे." मी मोबाइल बघितला. कोरडे. जेवलो आणि झोपलो.

रात्री पावणेदोनला पडवीच्या पत्र्यावर पहिला थेंब वाजला. बॅटरी घेऊन मी आणि बायको मळ्यात पोचेपर्यंत तो लागलाही होता. ताडपत्री एक, कुणगे पाच. कोणता झाकायचा यावर चिखलात उभे राहून आम्ही भांडलो, ते अजून आठवते. पाऊण तास पडला, बस्स. सकाळी ऊन आले असते, तर निभावलेही असते. पण मागोमाग तीन दिवस मळभ. चौथ्या दिवशी एक मूठ उचलली तर खालून ओंब्या एकमेकींत गुंतलेल्या, दाण्यातून पांढरे मोड बाहेर, आणि वास आंबलेल्या पेजेचा. पेंढा गुरांपुढे टाकला. म्हशीने हुंगला आणि मान फिरवली.

बदललेला अंदाज आम्हाला गुरुवारी सकाळी सव्वानऊला मिळाला. तो आदल्या संध्याकाळीच बदललेला होता, हे नंतर कळले. मधल्या कुठल्याशा टेबलावर तो रात्रभर पडून राहिला आणि सकाळी कोणीतरी कामावर आल्यावर पुढे सरकला. कोणाचे टेबल ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. दोष माझाही आहेच. आईने दवाचे सांगितले होते.

मंडळाच्या पर्जन्यमापकावर त्या रात्रीचा आकडा होता ११ मिलिमीटर. महसुलाच्या हिशेबी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. ११ म्हणजे काहीच नाही. तुमच्या भाषेत हलका, त्यांच्या भाषेत शून्य, आणि पाच कुणग्यांचे भात म्हशीने नाकारलेले.

म्हणून पहिली विनंती दवाची. हसू नका. आमच्याकडचे हे निवांत दिवस कधी बिघडणार, ते पाऊस सांगत नाही, दव सांगते. आभाळ निरभ्र असले की रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते, गार पडते, पहाटे दव धरते. वर ढगांची गोधडी आली की ऊब अडते. मग रात्री उकडायला लागते, पंखा पुन्हा फिरतो, सकाळी गवत कोरडे. त्याच सुमाराला मतलई वारा ढिला पडतो आणि हवा दक्षिणेची, चिकट होते. मिठाच्या बरणीत मीठ ओले होते. तुमच्या नकाशावर तेव्हा बहुधा लक्षद्वीपच्या आसपास काहीतरी गोल फिरू लागलेले असते. पुष्कळदा ते मूळचे बंगालच्या उपसागरातले, तामिळनाडू-केरळ ओलांडून आमच्या समुद्रात उतरलेले. इथले पाणी अजून गरम असते, तिथे ते पुन्हा दम धरते आणि उत्तरेकडे सरकू लागते. किनाऱ्यापासून शेकडो मैल लांब असले तरी त्याच्या काठावरचे ढग आमच्या डोक्यावर येतात.

हे सगळे तुम्हाला माझ्यापेक्षा हजारपट चांगले कळते. प्रश्न एवढाच, की हे तुमच्या नकाशावर दोन-तीन दिवस आधी दिसते आणि निरोपात मात्र त्याचे एक ओळीचे 'तुरळक ठिकाणी' होते. "बुधवारपासून रात्री उबदार, दव कमी, आभाळ येणार, पाऊस पडो न पडो ऊन मिळणार नाही," असे लिहिलेत तरी माझे निम्मे काम झाले. भात सुकवायला पाऊस नको एवढे पुरत नाही, ऊन हवे असते. मळभाचा अंदाज कोणी देत नाही. मला पावसाइतकेच मळभाचे भय आहे.

आंब्यात तर जास्तच. हापूसचे झाड पावसाळा संपल्यावर जरा उपाशी राहावे, मुळाशी कोरड पडावी, रात्री थंड व्हाव्यात, तेव्हा ते मोहोराचा विचार करते. ऐन वेळी मुळाशी पाणी आले आणि हवा गरम झाली की झाडाचा विचार बदलतो, ते पालवी फोडते. तांबूस, कोवळी, दिसायला देखणी पालवी. येणारे जाणारे म्हणतात, काय सुंदर झाड आहे! बागायतदार ते बघून कपाळाला हात लावतो, कारण ती पालवी जून होऊन मोहोर यायचा म्हणजे हंगाम लांबला. लवकरच्या पेटीला जो दर मिळतो तो गेला. आणि जो थोडा मोहोर आधी फुटलेला असतो, त्यावर मळभात तुडतुडे आणि करपा. काजूवर ढेकण्या. २०२१ च्या डिसेंबरात पहिल्या दोन दिवसांत जो पाऊस झाला, त्यानंतर आमच्या पट्ट्यात लोक बागेत जायलाच घाबरत होते.

मग फवारणी. माझी सव्वाशे कलमे आहेत. एक फवारणी म्हणजे दोन दिवस, चार माणसे, पंप, पाण्याची टाकी सड्यावर चढवायची आणि औषधाचा खर्च. औषध मारल्यावर पानावर सुकायला काही तास मिळाले पाहिजेत. सकाळी दव असते म्हणून नऊच्या आधी मारता येत नाही, अकरानंतर खारा वारा सुटला की औषध झाडापेक्षा जास्त आमच्या तोंडावर येते. हातात राहतात दोन-अडीच तास. तुम्ही म्हणता, "गुरुवारी हलका पाऊस." गुरुवारी कधी? सकाळी सहाला पडून गेला तर माझे काही बिघडत नाही, दुपारी एकला पडला तर दिवसाची मजुरी आणि औषध धुऊन नेतो.

आणि तुमचा गुरुवार हा माझा गुरुवार नाही, हेही मला उशिरा समजले. तुमचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे शुक्रवारी पहाटे चारला पडलेला पाऊस तुमच्या अंदाजात गुरुवारचा. बरोबरच आहे तुमचे, मोजायला काहीतरी वेळ धरावीच लागते. पण हे आबांना कोण सांगणार? "गुरवारी पावस सांगललो, खंय पडलो?" म्हणून ते तुम्हाला शुक्रवारी सकाळी नावे ठेवतात, आणि तुमचा अंदाज तर खरा ठरलेला असतो. पावसाळ्यानंतरच्या निरोपात दिवसाचे चार तुकडे करा: पहाट, सकाळ, दुपार, रात्र. बाकी काही नको.

जिल्ह्याचेही तुकडे करा. सिंधुदुर्ग एक जिल्हा असला तरी हवा एक नाही. नोव्हेंबरात दुपारी गडगडाट होतो तो वैभववाडी, कणकवलीच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. सह्याद्रीच्या कड्याला ढग चढतात आणि चार वाजता तिकडेच मोकळे होतात. आम्ही देवगडात सड्यावर उभे राहून विजा बघतो आणि अंगावर थेंब नसतो. समुद्रातल्या हालचालीचा पाऊस मात्र आधी आमच्यावर, मालवणवर, वेंगुर्ल्यावर येतो. दोन्हींना निरोप एकच: सिंधुदुर्ग, पिवळा इशारा. मी पाच वेळा पिवळा बघितला आणि पाचही वेळा ऊन पडले, की सहाव्या वेळी मी बघत नाही. त्यात तुमची चूक असतेच असे नाही. पाचही वेळा पायथ्याशी पडून गेलेला असतो.

आता समुद्राकडे येतो, कारण तिथे नुकसान म्हशीच्या नाकावर मोजत नाहीत.

आमचा चुलतभाऊ ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे. २००९ चे फयान वादळ त्याने खलाशी म्हणून बघितले. ११ नोव्हेंबरला ते अलिबाग-मुंबईच्या मध्ये जमिनीवर चढले, पण त्याआधी सगळ्या कोकण किनाऱ्याच्या बाहेरून घासत गेले. दिवाळी होऊन गेलेली, समुद्र शांत, मासळी लागलेली, बोटी लांब. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कित्येक खलाशी घरी आले नाहीत. तेव्हा खोल समुद्रातल्या बोटीपर्यंत निरोप पोचवणे म्हणजे दैवाधीन काम. भावाची बोट एका खाडीच्या तोंडाशी लागली, ती कशी लागली हे तो अजून नीट सांगत नाही. विचारले की विषय बदलतो.

नंतरच्या वादळांत फरक पडला, हे मान्य केलेच पाहिजे. २०१७ चे ओखी दत्तजयंतीच्या पौर्णिमेच्या उधाणात आले, पण बोटी बऱ्याच आत होत्या. २०१९ ला क्यार. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, ते अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झाले होते. देवगड बंदरात परराज्यांतल्या बोटी आसऱ्याला येऊन एकमेकींना खेटून उभ्या होत्या. ज्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती अशा खलाशांनी आमच्या घरचे दिवाळीचे पोहे खाल्ले. बंदरावर धोक्याचा बावटा वेळेवर लागला, निरोप वेळेवर आला, माणसे वाचली. याबद्दल तुमचे आभार कोणी जाहीर मानले की नाही मला माहीत नाही. मी मानतो.

पण तेच क्यार बघा. ते आमच्या किनाऱ्याला लागलेच नाही, ओमानच्या दिशेने निघून गेले. त्यामागोमाग 'महा' नावाचे वादळ आले, तेही वळून गुजरातकडे गेले आणि किनाऱ्यापाशी पोचेपर्यंत विरले. बातम्यांत दोन्ही वेळा "कोकणावरचे संकट टळले". आणि इकडे पंधरा दिवस ऊन नाही, कापलेले कुजले, उभे आडवे झाले, सगळ्या कोकणात भाताला मोड. वादळ टळले हे खरे, संकट कुठे टळले? तुमचे सगळे लक्ष वादळाच्या डोळ्यावर असते. आमचे भात त्याच्या पदराखाली भिजते.

चुलतभावाच्या दुनियेत निदान भाषा सरळ आहे. त्याला कोणी 'तुरळक ठिकाणी उंच लाटा' सांगत नाही. वारा ताशी ४० ते ५०, झोतात ६०, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, इथपासून तिथपर्यंत समुद्रात जाऊ नका. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की चर्चा संपली. तो फक्त एवढेच विचारतो, "तीन नंबरचो लागलो काय?" आकडा, तारीख, जागा. मला शेतासाठी असाच बावटा हवा आहे.

त्याऐवजी आम्हाला काय मिळते? मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो. मी तो वाचतो, त्यात कामाचे पुष्कळ असते, दापोलीच्या विद्यापीठाचे फवारणीचे वेळापत्रक आम्ही भिंतीला चिकटवून ठेवतो. पण पावसाची शक्यता आली की एक वाक्य ठरलेले: कापलेले भात सुरक्षित ठिकाणी ठेवावे. साहेब, मळा खाली व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, घर वर. मधली वाट बांधावरून आणि मग घाटीने. ओल्या भाताचा भारा डोक्यावर घेऊन एक माणूस दिवसात किती खेपा करील? सुरक्षित ठिकाणी ठेवायचेच असेल तर मला दोन दिवस आधी कळले पाहिजे. नाहीतर कापूच नका म्हणून सांगा. उभे भात चार थेंब सोसते, आडवे सोसत नाही. "दोन दिवस कापणी थांबवा" हे चार शब्दांचे वाक्य कुठल्याही पिवळ्या-नारिंगी रंगापेक्षा मोलाचे आहे.

तुम्ही म्हणाल, थांबवा सांगितले आणि पाऊस आला नाही तर? मजूर दुसरीकडे गेले, भात फार पिकून झडले, तर तुम्हीच शिव्या घालाल. घालू. आबा तर नक्कीच घालतील. पण त्यावर उपाय आहे, तो म्हणजे तुमची खात्री किती ते आम्हाला सांगणे. दहापैकी तीन की दहापैकी आठ? दहापैकी तीन असेल तर मी अर्धे कापीन. आठ असेल तर विळा खुंटीला. हा जुगार आम्ही पिढ्यानपिढ्या खेळत आलो आहोत, फक्त पत्ते बघून खेळू द्या. 'शक्यता आहे' या दोन शब्दांत तीनही बसतात आणि आठही.

आणि अंदाज बदलला तर तो बदलला असे ठळक लिहा. काल कोरडे सांगितले होते, आज रात्रीपासून पाऊस दिसतो आहे, कालचे विसरा. यात कमीपणा कसला? वारा बदलतो, तुम्हीही बदलणारच. पण तुम्ही नवा निरोप गुपचूप जुन्याच्या जागी ठेवता आणि आमच्या गटावर दोन्ही फिरत राहतात, वर तारीख नाही. त्यात कोणीतरी भलत्याच वर्षाचा लाल-जांभळा नकाशा टाकतो, 'कोकणाला झोडपणार' म्हणून. वाहिन्यांचे तर विचारूच नका. कमी दाबाचे साधे क्षेत्र तयार झाले तरी त्यांचे चक्रीवादळ सुरू होते. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचल्याशिवाय त्याला चक्रीवादळ म्हणत नाहीत, हे त्यांना एकदा कोणीतरी पाठ करायला लावा.

विम्याबद्दल थोडे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात अवेळी पाऊस थोडक्या मिलिमीटरांचा असला तरी आंब्याला धोका म्हणून धरतात. म्हणजे सरकारच्या एका कागदाला हे कळलेले आहे, की थंडीतला थोडा पाऊस थोडा नसतो. त्याच सरकारचा दुसरा कागद त्याला हलका म्हणतो. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून कोणीतरी एकदा वाचावेत, एवढेच. (अवेळी पावसाचे विम्याचे खाते डिसेंबर उजाडल्यावर उघडते आणि पालवी-मोहोराचा खेळ नोव्हेंबरातच होऊन जातो, हे रडगाणे वेगळे, त्यासाठी वेगळे पत्र लिहीन.)

मला कोणी म्हणेल, जुने लोक नक्षत्रे आणि वारा बघून शेती करत, तुम्ही मोबाइलवर कशाला विसंबता? आबांनाच विचारले मी काल. ते म्हणाले, आधी हस्ताचा गडगडाट, मग चित्रा, मग स्वातीत एखादी सर, आणि तुळशीचे लग्न लागले की पावस गेलो. लग्न लावायला ऊस, चिंचा, आवळे, आणि अंगणात कोरडी शेणसारवण. "आता तुळशीच्या लग्नाक मांडव घालूचो लागता," म्हणाले. त्यांची नक्षत्रे खोटी नव्हती, पण आता त्यांच्यावर भात टाकून झोपता येत नाही. म्हणून तर तुमच्याकडे बघतो. १८७५ पासून या देशात हवामान खाते आहे. रत्नागिरीला, हर्णैला वेधशाळा आहेत, मुंबई-गोव्याला रडार आहेत, मंडळामंडळात आपोआप मोजणारी केंद्रे बसली. मोजण्यात तुम्ही कमी नाही. फक्त शेवटचे वाक्य, जे मोबाइलवर येते, ते लिहिताना कापलेले भात डोळ्यांसमोर आणा.

हे लिहिता लिहिता रात्रीचे साडेनऊ झाले. आत्ताच बाहेर जाऊन आलो. चंद्राभोवती खळे पडले आहे, वारा नाही. काल या वेळेला अंगणात ठेवलेला पाट दवाने ओला झाला होता, आज त्यावरून हात फिरवला तर कोरडा. माझे तीन कुणगे अजून उभे आहेत. उद्या सात वाजता चार माणसे यायची आहेत, त्यांना नको म्हणायचे असेल तर आज रात्री अकरापर्यंत फोन केला पाहिजे. त्यानंतर ती झोपतात. तुमच्या निरोपातले ४८ तास उद्या संध्याकाळी संपतात. त्यानंतरचा पाऊस उद्या रात्रीचा की परवा दुपारचा, आणि देवगडचा की वैभववाडीचा, एवढे कळवा.

आपला,
देवगड तालुक्यातला एक कलमवाला